आत्याच्या माळ्यावर ट्रंकाभर पॉकेटबुकं सापडलीयेत, ही लिहिणारी माणसं कोण होती?

ऐरोलीकर

ठाण्याच्या नौपाड्यात आत्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायचीय म्हणून मी आणि भाऊ गेले तीन रविवार तिथेच आहोत. माळ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका खाली काढल्या, वाटलं भांडीकुंडी असतील, उघडल्या तर काठोकाठ पुस्तकं. बहुतेक सगळी हातात मावतील एवढी, पातळ, पिना गंजलेल्या, कव्हरवर पिस्तूल नाहीतर पदर तोंडाला लावून रडणारी बाई. प्रत्येकावर जांभळा शिक्का. मग आत्याने सांगितलं की आतोबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून संध्याकाळी घरी आले की ओटीवर लायब्ररी चालवायचे, डिपॉझिट घ्यायचे आणि रोजचे दहा पैसे भाडं. मला हे माहीतच नव्हतं, मी त्यांना फक्त आजारी असतानाच पाहिलंय.

मोजली तर ३१२ भरली. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, काकोडकर, बाबा कदम, सुहास शिरवळकर, नारायण धारप, काही बायकांची पण आहेत. शेवटच्या पानांवर लोकांनी पेन्सिलीने लिहिलेलं आहे, एकाने लिहिलंय खुनी डॉक्टर आहे आणि दुसऱ्याने ते खोडून खाली लिहिलंय असं लिहिणाऱ्याला पुस्तक देऊ नये. रात्री दीड वाजेपर्यंत मी नुसती ती पानंच वाचत बसलो होतो.

पण लेखकाबद्दल कुठेही काही नाही. ना फोटो, ना दोन ओळी, नुसती मागच्या कव्हरवर आगामी पुस्तकांची यादी आणि पैसे पाठवायचा पत्ता. म्हणून इथे विचारतोय, ही माणसं कोण होती, पोटापाण्याला काय करायची, एवढं कसं लिहिलं? भाऊ म्हणतो रद्दीवाला किलोवर न्यायला तयार आहे, देऊन मोकळा हो. मला नाही देववत.

गोखलेरोडचा काका

आधी त्या रद्दीवाल्याला नाही म्हणून सांग बाळा, बाकीचं नंतर.

बाबुराव अर्नाळकर हे टोपणनाव, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. म्हणजे दिवसा लोकांना नंबरचे चष्मे करून द्यायचे आणि बाकीच्या वेळात झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ह्या मंडळींना मुंबईभर पळवायचे. गिनेस बुकात त्यांची नोंद झाली ती १९३६ ते १९८४ ह्या काळातल्या १०९२ रहस्यकथांसाठी. आता तूच भागाकार कर, अठ्ठेचाळीस वर्षं आणि १०९२ पुस्तकं, म्हणजे महिन्याला जवळपास दोन, आणि ते पण सलग अठ्ठेचाळीस वर्षं. मी स्वतः आयुष्यभर हिशेबाची कामं केली, महिन्याला दोन रिपोर्ट वेळेवर देताना जीव जायचा, म्हणून ह्या आकड्याचं मला जास्तच वाटतं.

आणि गुरुनाथ नाईक पण बाराशेच्या घरात गेलेले, कॅप्टन दीप हा नायक त्यांचा, ते अगदी अलीकडे २०२१ मध्ये गेले. आम्ही पोरं चौघांत एक पुस्तक भाड्याने आणायचो, एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी जिन्यात बसून ऐकायचं, कारण दहा पैसे पण चौघांत काढायला लागायचे. माझा एक मित्र शाळेत वाचनाच्या तासाला अडखळायचा तो ह्या जिन्यात सुटसुटीत वाचायला शिकला, कारण अडखळला की आम्ही पुस्तक काढून घ्यायचो त्याच्याकडून.

वाशी सेक्टर १७

माफ करा काका पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. बऱ्याच रहस्यकथा इंग्रजीवरून बेतलेल्या असायच्या, हे त्या काळातल्या वाचकांना पण माहीत होतं. आणि लोकप्रिय म्हणजे नुसती भाड्याची पुस्तकं असंही नाही ना. वि. स. खांडेकर लोकप्रिय नव्हते का? १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले आणि अठरा वर्षं त्या कोकणातल्या गावात राहिले, पुढे ययाति १९५९ ची आणि १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलं. तमिळमध्ये तर त्यांना आपलाच लेखक मानून वाचायचे. शिवाजी सावंत पण कोल्हापुरात शाळामास्तरच, १९४० चा जन्म आणि १९६७ ला मृत्युंजय आली, म्हणजे सत्ताविशीतल्या मास्तराने कर्ण लिहिला, ती आजपण खपतेय आणि छावावर तर आत्ता २०२५ मध्ये हिंदी सिनेमा आला. माझ्या वडिलांनी मृत्युंजय कपाटात देवासारखी ठेवलीये. मग ३१२ मधली सगळीच सांभाळायची की निवडायची, हा प्रश्न खरा आहे असं मला वाटतं, नवी मुंबईच्या वन बीएचकेत दोन ट्रंका म्हणजे काय ते मला माहितीये.

गोखलेरोडचा काका

बेतलेल्या असायच्या, हो, मान्य. पण खांडेकर, सावंतांची पुस्तकं कुठल्याही दुकानात आज मिळतात, त्यांना ट्रंकेची गरज नाही. हिच्यातली मिळणार नाहीत, म्हणून तर ही ठेवायची.

ॲड. पाचपाखाडी

काकोडकरांची किती आहेत ते बघा आणि ती आधी बाजूला काढा. चंद्रकांत काकोडकर आम्हाला कॉलेजात कादंबरीकार म्हणून नाही, केस म्हणून शिकवलेत!

झालं असं की १९६२ च्या रंभा दिवाळी अंकात त्यांची श्यामा नावाची कथा आली, एक मास्तर आहे जो कविता करतो आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन बायका, एवढंच. त्यावरून कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला. खालच्या कोर्टाने सोडलं, पण हायकोर्टाने दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. २५ रुपये म्हटल्यावर कोणीपण भरून घरी गेला असता, पण ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. निकालात कोर्टाने म्हटलंय की अश्लील कशाला म्हणायचं ते काळाप्रमाणे आणि समाजाप्रमाणे बदलतं, आणि नुसता स्त्रीपुरुष संबंधांचा उल्लेख आला म्हणून अश्लील धरायचं तर धार्मिक ग्रंथ सोडून दुसरं काही विकताच येणार नाही. आजही अश्लीलतेच्या केसमध्ये हा निकाल काढला जातो. भाड्याची पुस्तकं लिहिणारा म्हणून ज्याला नाकं मुरडली त्या माणसाने हे मिळवून दिलंय मराठीतल्याच नाही, सगळ्या लिहिणाऱ्यांना, आणि त्याच १९६९ ला त्यांच्या नीलांबरी कादंबरीवरचा दो रास्ते रिलीज झाला, राजेश खन्ना मुमताजवाला. गाणी सगळ्यांना पाठ, मूळ कादंबरी कोणाची ते विचारा कोणाला तरी.

बाबा कदम तर आमच्याच धंद्यातले, कोल्हापूरकडे सरकारी वकील होते, वीरसेन त्यांचं नाव. त्यांच्या कादंबऱ्यांत पोलीस तपास आणि कोर्ट येतं ते वाचताना कळतं की ह्या माणसाने जबान्या ऐकलेल्या आहेत, साक्षीदार कुठे थांबतो आणि कुठे उगाच जास्त बोलतो ते त्यांना बरोबर माहिती.

खारघर_सुशिप्रेमी

शिरवळकरांच्या नायकांपैकी दारा बुलंद आहे का त्यात?? फिरोज इराणी? अमर विश्वास? असतील तर प्लीज प्लीज कव्हरचे फोटो टाका.

सुशि म्हणजे सुहास शिरवळकर, पुण्याचे, १९४८ चा जन्म. लोकांना दुनियादारी माहितीये पण ती १९८२ ची आणि त्याच्या आधीपासून ते रहस्यकथा लिहितच होते, ढीगभर. २००३ मध्ये गेले, वय पंचावन्न पण पूर्ण नव्हतं. आणि सिनेमा आला २०१३ ला. मला ह्याचंच वाईट वाटतं की दहा वर्षं थांबायला लागलं. मी तेव्हा ठाण्यात पिक्चर बघितला, थिएटरमधली पोरं टाळ्या शिट्ट्या, आणि बाहेर पडल्यावर माझ्या ग्रुपमधल्या एकीने विचारलं की ही खरंच कादंबरी आहे का. दुसऱ्या दिवशी मी माझी कॉपी तिला दिली आणि ती मला लगेच परत मिळाली नाही, सात जणांकडे फिरून शेवटी कव्हर नसलेली आली, ते मला आवडलंच उलट, सुशिंचं पुस्तक असंच फिरायला पाहिजे.

धारपांचं पण तेच झालं. २००८ ला गेले आणि २०१८ ला तुंबाड हा सिनेमा आला, दहाच वर्षं, योगायोग बघा. त्यातली म्हातारी त्यांच्या आजी ह्या कथेवरून सुचलेली आहे, ती कथा दिग्दर्शकाला मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली होती म्हणे १९९३ साली. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या तुंबाडचे खोत कादंबरीवरून घेतलेलं. कोणीतरी जंगलात रात्री गोष्ट सांगतो आणि ऐकणारा ती पंचवीस वर्षं विसरत नाही, अजून काय पाहिजे लेखकाला.

निवृत्त ग्रंथपाल, कळवा

मी एका शाळेच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे आधी कामाचं. ट्रंकेतून काढलेली पुस्तकं उन्हात घालू नका, कागद अजून पिवळा पडून तुटेल, सावलीत पंख्याखाली उभी करून ठेवा. गंजलेल्या पिना हळूच काढून दोऱ्याने टाचा. सेलोटेप अजिबात लावू नका, चिकट डाग राहतो आणि कव्हर त्याच्याबरोबर निघतं. कसर दिसली तर ती पुस्तकं वेगळ्या पिशवीत. आणि यादी करा, नाव, लेखक, साल, प्रकाशक, शिक्का. यादी असेल तर कुठलंही ग्रंथालय तुमच्याशी नीट बोलेल, नुसत्या ट्रंका घेऊन गेलात तर दारातूनच परत याल हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. ठाणे स्टेशनजवळचं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं, तिथे यादी दाखवून विचारा.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर. एवढं कसं लिहिलं ह्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे, पण मला नेहमी नाथमाधव आठवतात. द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी तोफांच्या कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा नाद. १९०५ मध्ये सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचं अंग गेलं. तेविशीतला माणूस अंथरुणाला खिळला. तिथे वाचायला लागले, मग लिहायला लागले, आणि १९१३ मध्ये वीरधवल आली, घोडदौडी, भुयारं, किल्ले, तलवारी. स्वतःला उठून दारापर्यंत जाता येत नाही आणि पानापानावर माणसं घोड्यावर! शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. माझ्या शाळेत वीरधवल मी चार वेळा बाइंडिंग करून घेतली, पोरं फाडायची म्हणजे वाचायची.

आणि तुम्ही "काही बायकांची पण आहेत" एवढ्यावर सोडलंत, त्यांची नावं लिहा हो. सुमती क्षेत्रमाडे असतील तर त्या डॉक्टर होत्या, दवाखाना सांभाळून महाश्वेता लिहिलेली आहे. योगिनी जोगळेकर असतील तर त्या गायच्या सुद्धा. दुपारी जेवणं आटोपल्यावर लायब्ररीत येणाऱ्या बायका ह्यांच्याच पुस्तकांसाठी यायच्या, पिशवीत भाजीखाली पुस्तक ठेवून घरी न्यायच्या, सासूला दिसू नये म्हणून.

ऐरोलीकर

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये उभ्याने वाचतोय सगळं, रबाळे कधी गेलं कळलं नाही.

काकोडकर अठरा आहेत, ॲडव्होकेट ताई, नीलांबरी नाहीये पण. दारा बुलंद पाच, फोटो रात्री टाकतो. बायकांची नावं मी लिहिली नाहीत ही चूक झाली मावशी, क्षेत्रमाडे दोन आहेत, जोगळेकर चार, कुमुदिनी रांगणेकर सात. आणि आज आत्याला भाजीखालच्या पुस्तकांचं वाचून दाखवलं तर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली की आतोबांनी त्यासाठी ओटीच्या मागच्या दाराला एक वेगळी फळी केली होती, बायका स्वयंपाकघरातून यायच्या आणि त्यांचं भाडं ती स्वतः घ्यायची, वहीत लिहायची नाही. म्हणजे निम्मी लायब्ररी आत्या चालवायची आणि शिक्का आतोबांच्या नावाचा.

भावाने रद्दीवाल्याला फोन करून नको सांगितलं. वाशीकर, तुमचं जागेचं बरोबर आहे, म्हणून एक ट्रंक माझ्याकडे आणि एक भावाकडे डोंबिवलीला. रविवारी अकरा वाजता यादी करायला बसतोय नौपाड्यात, काका तुम्ही जवळच आहात तर या ना, आत्या म्हणाली चहा पोहे तिच्याकडे. पेन्सिलीतले शेरे पण यादीत घ्यायचे का मावशी, त्यासाठी वेगळा रकाना करू?