रिपोर्टवर ‘स्टेज १’, तरीही ‘हाय रिस्क’ : मुलांच्या थायरॉइड कर्करोगाबद्दल प्रश्न

नाशिकचा बाबा :
आमच्या १२ वर्षांच्या मुलीचे पॅपिलरी थायरॉइड कर्करोगासाठी नुकतेच ऑपरेशन झाले. थायरॉइड पूर्ण काढली. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथींतही आजार बराच पसरलेला निघाला. पॅथॉलॉजी रिपोर्टवर ‘स्टेज १’ लिहिले आहे, सर्जन मात्र तिला ‘हाय रिस्क’ म्हणतात. दोन्ही एकाच वेळी खरे कसे? आणि आजार उलटेल की नाही, हे आत्ताच सांगणारी एखादी तपासणी आहे का?

एंडोक्राइन_वाचक :
दोन्ही खरे आहे. स्टेजवरून मुख्यतः जिवाच्या धोक्याचा अंदाज बांधतात आणि त्यात वयाला इतके वजन आहे की ५५ वर्षांखालच्या रुग्णाचा आजार फुप्फुसांत गेला तरी स्टेज २ च्या पुढे जात नाही, मग मुलांमध्ये फरक दाखवणार कसा? म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढून कमी, मध्यम आणि जास्त धोक्याचे तीन गट केले. मानेच्या बाजूच्या ग्रंथींत बराच पसरलेला किंवा श्वासनलिकेसारख्या शेजारच्या अवयवांत शिरलेला आजार तिसऱ्या गटात येतो. हा धोका आजार शिल्लक राहण्याचा वा दूर पसरण्याचा आहे. जगण्याच्या दृष्टीने मुलांचे निकाल अतिशय चांगले असतात.

एकाच तपासणीत भविष्य कळत नाही. ऑपरेशननंतर साधारण १२ आठवड्यांच्या आत थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन; थायरॉइड काढल्यावर ते वाढले तर आजार शिल्लक असल्याची शंका येते), मानेची सोनोग्राफी आणि तुमच्या मुलीच्या गटात आयोडीन स्कॅन (किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइडच्या उरलेल्या पेशी शोधणारी तपासणी) करून पहिला अंदाज बांधतात, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तो बदलतो. माझ्या मते ऑपरेशनच्या दिवशीच्या शिक्क्यापेक्षा थायरोग्लोब्युलिनचा वर-खाली जाणारा कल अधिक बोलका असतो.

एका मुलाची आई :
आमच्या मुलाचे थायरोग्लोब्युलिन जवळजवळ शून्य आले म्हणून आम्ही निर्धास्त झालो होतो. मग डॉक्टरांनी त्याच कागदावरच्या अँटीबॉडीच्या आकड्याकडे बोट दाखवले.

एंडोक्राइन_वाचक :
ताई, अगदी मोलाचा मुद्दा. थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटीबॉडी असतील तर नेहमीच्या पद्धतीने मोजलेला आकडा खोटा कमी येऊ शकतो. तेव्हा त्या अँटीबॉडी उतरत आहेत की चढत आहेत, यावरूनच अंदाज घ्यावा लागतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने मोजणी करावी. उलट, फुप्फुसांत आजार असलेल्या मुलांमध्ये रेडिओआयोडीननंतर (किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारानंतर) थायरोग्लोब्युलिनचा आकडा कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे उतरत राहतो, त्यामुळे तो लगेच शून्य झाला नाही म्हणून दुसऱ्या डोसची घाई करू नये.

नाशिकचा बाबा :
जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

एंडोक्राइन_वाचक :
गाठीत आरईटी किंवा एनटीआरके जनुकांचे फ्यूजन (जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडले जाणे) सापडलेल्या मुलांमध्ये आजार जास्त पसरलेला आढळतो. ब्राफ (BRAF) या जनुकातील बदल मात्र मोठ्यांच्या तुलनेत मुलांमध्ये कमी सांगून जातो. आत्ता त्याहून निकडीचे म्हणजे किती ग्रंथी काढल्या, त्यांतल्या किती बाधित होत्या, ग्रंथींतला कर्करोगाचा सर्वांत मोठा साठा किती मिलिमीटरचा होता आणि आजार ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला होता का, हे रिपोर्टमध्ये नोंदलेले आहे ना ते पाहा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून पुरवणी रिपोर्ट मागून घ्या.