चाळीस खुर्च्यांचा कॅफे, सगळी गाणी स्वतःची, पहिलीच वेळ... कोणी केलंय का?

अर्धवट_अंतरा

मंडळी जरा मदत हवीये. दिवसा आयटीत नोकरी (दुसरं काय), आणि गेली चारेक वर्षं स्वतः मराठी गाणी लिहून गिटारवर बसवतीये. ओपन माइकला दोन-दोन गाणी म्हणून झालीत, पण आता पुण्यातल्याच एका कॅफेवाल्याने शनिवारी संध्याकाळी अख्खा एक तास देऊ केलाय. स्टेज वगैरे नाही, कोपऱ्यात गालिचा, दोन स्पीकर, एक छोटा साउंड मिक्सर आणि तो चालवणारा पोरगा जो ऑर्डरही घेतो 😅

अडचण अशी की मालक म्हणतो निम्मी गाणी ओळखीची म्हणा नाहीतर लोक बिल देऊन उठतील. माझ्याकडे 11 गाणी आहेत आणि सगळी माझी. दुसरं म्हणजे गिटार प्लग केली की पत्र्याच्या डब्यासारखी वाजते आणि आवाज वाढवला की घूंऽऽ सुरू. आणि पैशांचं विचारलं तर "आधी गर्दी तर होऊ दे, जेवण आमच्याकडून". जेवण म्हणजे सँडविच असणार हे मला माहितीये. मला पैसे मागायची जाम लाज वाटते, खरं सांगते.

खरखरबाबा

साउंडचं मी सांगतो, पंधरा वर्षं हेच करतोय, लग्नं पण केलीत (दुसऱ्यांची).

तुझ्या गिटारमध्ये ब्रिजखाली (तारा खाली बांधतात ती पट्टी) पिएझो पिकअप, म्हणजे थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारी चकती असणार, तो पत्रा त्याचाच. आधी गिटारमधली 9 व्होल्टची बॅटरी बदल, निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम तिथेच संपतो, बॅटरी उतरली की आवाज फाटायला लागतो आणि पोरं मिक्सरला शिव्या देत बसतात. मग एक डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी डबी) आण, कोणाकडून तरी मागून आण, विकत नको घेऊस लगेच. गिटारची साधी केबल लांब ओढली की वाटेत हम (विजेची गुणगुण) पकडते, डीआयमधून बॅलन्स्ड सिग्नल जातो मिक्सरकडे, म्हणजे ती गुणगुण गळून जाते, फरक कळेल. ईक्यूमध्ये (मिक्सरवरची जाड-बारीक आवाजाची बटणं) मिड, म्हणजे मधला आवाज, थोडा खाली, हाय, म्हणजे बारीक आवाज, वाढवू नकोस, पत्रा अजून वाजेल.

घूं जो आहे तो गिटारच्या पोटातून येतो. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळीत शिरतो, पोट थरथरतं, पिकअप ते परत स्पीकरला पाठवतो, चक्र सुरू. होलवर बसणारं रबरी झाकण मिळतं, स्वस्त असतं, ते लाव. आणि दोन्ही स्पीकर तुझ्या *पुढे* हवेत, प्रेक्षकांकडे तोंड करून. कॅफेवाले डेकोरेशनसाठी मागच्या भिंतीवर टांगतात आणि मग म्हणतात सिंगरला माइक धरता येत नाही. माइक बहुतेक कार्डिऑइड असेल, त्याला मागून कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर (तुला स्वतःला ऐकायचा स्पीकर) असलाच तर माइकच्या बरोब्बर पाठीमागे. जाळी मुठीत धरू नकोस, रॅपवाले धरतात तशी, त्याने माइकचा तो गुणच जातो. व्होकलला लो कट (खालची घरघर कापणारं बटण) 100 हर्ट्झच्या आसपास.

रिकाम्या खोलीत साउंडचेक केलास तर सगळं घुमल्यासारखं वाटेल. घाबरू नको, माणसं बसली की आवाज पितात. आणि फ्रीज ज्या बोर्डावर आहे त्यावर मिक्सर लावू देऊ नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, कॉफीचा ग्राइंडर!! बरिस्ताशी आधी बोल, गाणं चालू असताना दळायचं नाही, दोन गाण्यांच्या मधे दळ बाबा. तुझ्या हळव्या ओळीवर घर्रर्र आलं की संपलं.

तीन_कॉर्डवाली

अंतरा, मी केलंय, आणि पहिल्यांदा फजिती झालीये. एका कॅफेत (नाव नाही घेत) माझ्या सगळ्यात उदास गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मधल्या टेबलवर केक आला आणि अख्ख्या कॅफेने हॅपी बर्थडे सुरू केलं. मी काय करणार, जी मेजरमध्ये साथ दिली. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच 🙄

तर मुद्दा असा की कॅफे म्हणजे सुदर्शन रंगमंचासारखं छोटं नाट्यगृह नाही. तिथे लोक दिवा मंद झाला की आपोआप गप्प होतात, कारण ऐकायलाच आलेले असतात. कॅफेत तू त्यांच्या गप्पांत घुसलेली असतेस, ते तुझ्या कार्यक्रमात नाही. राग धरायचा नाही. मोठ्याने ओरडून गप्प करता येत नाही, उलट हळू गायलं की पुढची दोन टेबलं गप्प होतात आणि मग ते पसरत जातं, हे मी दरवेळी बघितलंय.

11 गाणी तासात बसणार नाहीत, ट्यूनिंग, पाणी, बोलणं धरून आठ. आणि पहिलं असं घे ज्यात ध्रुवपद लवकर येतं आणि परत परत येतं. नवीन गाणं ऐकणाऱ्याला धरायला तेवढंच असतं गं, दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तो गुणगुणतो. तीन मिनिटं नुसती कडवी वाहत गेली तर शब्द कितीही भारी असूदेत, माणूस मोबाइल काढतो. गाण्याआधी बोल पण एकच वाक्य. "हे गाणं मी तेव्हा लिहिलं जेव्हा माझ्या आयुष्यात..." असं सुरू झालं की मी स्वतः वेटरला हाक मारते.

ओळखीचं एक म्हण, तिसऱ्या नंबरला. शेवटी अजिबात नको, नाहीतर लोक तेच गुणगुणत घरी जातील.

जुना_पेठकर

एकही म्हणू नका ताई. ओळखीचंच ऐकायचं असेल तर लोक घरी रेडिओ लावतील. माझे वडील सांगायचे, गणपतीत गजानन वाटवे गायला बसले की लोक रस्त्यावर बसकण मारून भावगीतं ऐकायचे, आणि ती तेव्हा नवी कोरीच होती की! अलीकडचं बघा, संदीप खरे आणि सलील कुलकर्णींनी स्वतःच्याच कविता आणि स्वतःच्याच चालींवर नाट्यगृहं भरवली. मराठी माणूस नवं ऐकत नाही हे कॅफेवाल्यांनी काढलेलं आहे, त्यांना सँडविच खपवायचंय.

तीन_कॉर्डवाली

काका, ते तिकीट काढून आलेले लोक होते. इथे समोरचा चीज गार्लिक ब्रेड खातोय. पण बरं, मान्य, तत्त्व म्हणून तुमचंच बरोबर.

हिशोबनीस

छोटे कार्यक्रम लावतो म्हणून पैशांवर बोलतो. लाज वाटते ना, मग तोंडी बोलूच नका, व्हॉट्सॲपवर लिहा, लिहिताना लाज कमी वाटते. समजा 200 रुपये तिकीट आणि 30 जण आले, 6000 झाले. त्यातले 70 टक्के तुमचे ठरले तर 4200. खाण्यापिण्याचं सगळं त्यांचंच आहे, म्हणजे मालक उपाशी मरत नाही. तिकिटाला नाहीच म्हणाला तर गालिच्याशेजारी तुमचा क्यूआर कोड ठेवा आणि तो आहे हे स्वतः एकदा, *मधेच* सांगा. शेवटी सांगितलं की लोक खुर्च्या सरकवत असतात, कोणी ऐकत नाही. "गर्दी झाली तर बघू" याचा अर्थ नाही असा होतो, मी स्वतः म्हणतो म्हणून माहितीये.

लायसन्सचं कोणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो. दुसऱ्यांची गाणी जाहीर गायची तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या त्यांच्या संस्थेचं लायसन्स लागतं, ते बघणं कॅफेचं किंवा आयोजकाचं काम. सगळी स्वतःची असतील आणि तुम्ही हक्क कोणाला दिलेले नसतील तर तो प्रश्नच येत नाही. मालकाला हे सांगून बघा, "निम्मी ओळखीची" लगेच विसरेल 😂 आणि बसायची जागा उघड्यावर असेल तर रात्री 10 ला स्पीकर बंद म्हणजे बंद.

अर्धवट_अंतरा

उशीर झाला पण अपडेट. मालक 150 तिकिटाला तयार झाला, 60-40, मेसेज तीनदा खोडून लिहिला. 23 लोक आले, त्यातले नऊ ऑफिसचे आणि एक मॅनेजर जो का आला मला अजून कळलं नाही. माझ्या वाट्याला 2070 आले आणि सँडविच, हो सँडविचच. आठ गाणी गायले, ओळखीचं एकही नाही (काका, तुमच्यासाठी), दुसऱ्या गाण्यात कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) चुकीच्या पट्टीवर लावला आणि अख्खं गाणं दोन सूर वर गायलं, गळा गेला. बॅटरी खरंच मेलेली होती. पाचव्या गाण्याचं ध्रुवपद मागच्या टेबलवरच्या दोन मुली म्हणत होत्या, मला तिथे शब्दच आठवेनात.

खरखरबाबा

वा! आणि ग्राइंडर?

अर्धवट_अंतरा

ग्राइंडर बंद होता. मिल्कशेकचा मिक्सर आपण सगळेच विसरलो.