‘परफॉर्मन्स गव्हर्नर लावून टाका’ हा सल्ला आता पुरे करा

आळशी_कोअर (धागाकर्ता)

दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, ‘लिनक्सवर लॅपटॉप रेंगाळतोय, काय करू?’ आणि लगेच उत्तर येतं, ‘गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाक.’ पोट दुखो की गुडघा, गोळी एकच!

नवख्यांसाठी थोडक्यात: प्रोसेसरने किती गिगाहर्ट्झवर पळायचं हे कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) सीपीयूफ्रेक हा भाग बघतो, आणि ते ठरवायच्या धोरणाला गव्हर्नर म्हणतात. परफॉर्मन्स म्हणजे कायम कमाल वेग. जुना ऑनडिमांड ठरावीक वेळाने डोकावून ‘मघाशी किती काम होतं?’ एवढंच मोजायचा. २०१६ मध्ये कर्नलच्या ४.७ आवृत्तीत स्केडयुटिल आला. तो थेट शेड्यूलरचेच आकडे घेतो. कुठलं काम प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर बसवायचं हे ज्याला ठाऊक, त्यानेच वेगही ठरवावा, इतकं सरळ आहे. वापराच्या प्रमाणात वेग, वर २५% मोकळीक.

आणि वीज? खर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. समजा वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज १.२ वरून ०.८ वर आणता आलं, तर कोअर २२% विजेवर चालतो. काम दुप्पट वेळ चाललं तरी एकूण ऊर्जा ४४%. हे सोडून पंखा घरघरवत बसायची हौस का?

रात्रपाळी

साफ असहमत. गणित बरोबर आहे, पण त्यात फक्त कोअर धरलाय. काम लांबलं की मेमरी आणि बाकीचा गोतावळाही तेवढा वेळ जागा राहतो, त्याची वीज कोण भरणार? पटकन उरकून गाढ झोपलेलं कित्येकदा स्वस्त पडतं. आणि परफॉर्मन्स लावला म्हणून रिकामा कोअर जळत बसत नाही. काम नसलं की तो सी-स्टेटमध्ये, म्हणजे झोपेच्या अवस्थेत जातो, ते खातंच वेगळं आहे. गव्हर्नरचा संबंध जागेपणाशी.

आमच्या सर्व्हरवर विनंत्या तुटक येतात, दोन मिलिसेकंदांचं काम आणि मग शांतता. वेग चढेपर्यंत काम संपलेलं असतं. सरासरी छान दिसते, पण शंभरातल्या सर्वांत हळू विनंतीचा ग्राहक फोन करतो.

आळशी_कोअर

सर्व्हरचं मान्य. मी लॅपटॉपबद्दल लिहिलंय. आणि स्केडयुटिलला काम येताना दिसतं हो! घाट लागायच्या आधी गियर टाकणारा ड्रायव्हर आहे तो.

चिकित्सक_काकू

कसला घाट दिसतोय त्याला? तो आरशात मागचा रस्ता बघून गाडी चालवतो.

शेड्यूलर वापर मोजतो तो पेल्ट पद्धतीने. जुन्या कामाचं वजन दर ३२ मिलिसेकंदांनी निम्मं होतं. शून्यापासून सतत पळणाऱ्या कामाचा वापर ८०% दिसायला (म्हणजे १.२५ ने गुणून कमाल वेग मागायला) सुमारे ७४ मिलिसेकंद लागतात. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्यात चार चित्रचौकटी निघून जातात. बरं, कोअर हळू पळत असेल तर तेवढ्याच वेळात केलेलं काम कमी मोजलं जातं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी उशीर. तुमचं स्क्रोलिंग अडखळतं ते इथे.

आळशी_कोअर

काकू, ४.१७ पासून युटिल-एस्ट आहे की. झोपण्याआधी काम किती मोठं होतं ते लक्षात ठेवतो, उठल्यावर शून्यापासून चढायला लागत नाही. शिवाय स्केडयुटिल डिस्कची वाट बघून वारंवार उठणाऱ्या कामांना वेगळा धक्का देतो.

चिकित्सक_काकू

नेहमीच्या गिऱ्हाइकाची चव लक्षात ठेवता येते. नवीन आलेल्याचं काय? आणि कालपर्यंत चहाच घेणाऱ्याने आज अचानक थाळी मागवली तर?

म्हणूनच ५.३ मध्ये युक्लॅम्प आणावं लागलं: ‘या कामाला निदान एवढा वेग द्याच’ असं बाहेरून सांगायची सोय. आकडे बघून सगळं कळत असतं तर ही खिडकी कशाला उघडली असती?

बिनपंख्याचा

तुम्ही दोघं मालकीवरून भांडताय, पण घर विकलं गेलंय. स्कायलेकपासून (२०१५) इंटेलच्या चिप वेग स्वतःच ठरवतात. त्याला एचडब्ल्यूपी म्हणतात. कर्नल फक्त खालची-वरची हद्द आणि ० ते २५५ मधला एक कल सांगतो: ० म्हणजे पळ, २५५ म्हणजे वीज वाचव. एएमडीकडेही आता तसंच. चिपला स्वतःचं तापमान आणि वीज आतूनच कळते, कर्नलला तेवढ्या बारकाईने कधीच कळणार नाही.

रात्रपाळी

आणि चिपमधलं ते तर्कट कुणी वाचलंय? कर्नलचा कोड निदान उघडून शिव्या तरी घालता येतात.

बिनपंख्याचा

शिव्या घालायला हरकत नाही, पण आधी पत्ता बरोबर असावा. एचडब्ल्यूपी चालू असलेल्या इंटेल मशीनवर ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कर्नलचा भाग) आपल्या नेहमीच्या सक्रिय पद्धतीने चालत असेल, तर यादीत दोनच गव्हर्नर दिसतात: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. त्यातला पॉवरसेव्ह नावाने फसवतो. सर्वसाधारण सीपीयूफ्रेकमध्ये त्याचा अर्थ ‘कायम किमान वेग’, इथे मात्र तो गरजेप्रमाणे वर-खाली जाऊ देतो. निम्मे लोक ते नाव बघून घाबरतात आणि परफॉर्मन्स लावतात. हे नाव ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

धागाकर्ते, तुमच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर कुठला आहे? एकदा बघून सांगा.

आळशी_कोअर

बघितलं. इंटेल-पीस्टेट, गव्हर्नर पॉवरसेव्ह. यादीत स्केडयुटिलचं नावच नाही.

चिकित्सक_काकू

म्हणजे गेले दोन दिवस तुम्ही ज्या ड्रायव्हरचं कौतुक केलं, तो तुमच्या गाडीत बसलाच नव्हता?

आळशी_कोअर

नव्हता. पण गाडी बरी चालली होती, एवढं नोंदवून ठेवा. ड्रायव्हरची पॅसिव्ह पद्धत (जिच्यात वेग कर्नलचा गव्हर्नर ठरवतो) लावून, स्केडयुटिल आणून आठवडाभर बॅटरी मोजतो आणि इथेच लिहितो. परफॉर्मन्स लावणार नाही तो नाहीच.