अनुभव धागा: माशीचा भाग तुम्ही पूर्ण पाहिला का?

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा दहावा भाग, 'फ्लाय', २०१० चा. केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर, त्याचा जुना विद्यार्थी जेसी, लाँड्रीखालची ड्रगची लॅब आणि एक माशी, जिच्यामुळे माल नासेल म्हणून वॉल्टर तिच्या मागे लागलेला. बजेट हाताबाहेर चाललं होतं म्हणून जवळजवळ सगळा भाग एकाच सेटवर उरकला. दिग्दर्शक रायन जॉन्सन. पुढे सगळे ज्याच्यावर जीव टाकतात तो 'ओझिमँडियस' हा भागही त्याचाच, पण 'फ्लाय'चं नाव काढलं की लोक जांभया देतात. आमच्या नागपूरच्या शंकरनगरच्या ग्रुपमध्ये चारपैकी तिघांनी पळवत पाहिला. तुमचं काय झालं ते लिहा. पुढे कथा फुटणार आहे, न पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

धरमपेठ
मे महिना, कूलरची मोटर जळालेली, झोप येणं शक्यच नव्हतं, म्हणून लावला. आई बाजूला बसून कांदे चिरत होती. म्हणाली, "काय बाप्पा हा मास्तर, एक फडकं द्या न त्याला कोणी!" जेसीने कॉफीत झोपेच्या गोळ्या टाकल्या तशी सुरी थांबली. मग वॉल्टर गुंगीत सांगतो, बेबी मॉनिटरवर बायकोची अंगाई ऐकली, त्याच रात्री मेलो असतो तर बरं होतं. आई एवढंच म्हणाली, "दादाही असंच बोलायचे, गोळी घेतल्यावर." आजोबांच्या शेवटच्या वर्षाबद्दल ती त्याआधी कधी बोलली नव्हती. कांदे तसेच राहिले.

बुटीबोरी
मी इंजेक्शनच्या प्लांटमध्ये आहे. लोकांना वॉल्टर सटकलेला वाटतो, आमचा क्यूएवाला, म्हणजे मालाचा दर्जा सांभाळणारा, रोज असाच असतो. एकदा गाउनिंग रूममध्ये, म्हणजे आत जाण्याआधी निर्जंतुक कपडे घालतात तिथे, डास दिसला. लाईन बंद, बॅच होल्डवर, आणि आम्ही सहा जण हातात काही न घेता छताकडे बघत उभे. मारायचा तर कशाने? स्प्रे चालत नाही, फटका मारला तर तुकडे पडतात. वॉल्टर बूट फेकतो तिथे मात्र मी ओरडलोच. आमच्याकडे डासाआधी त्यालाच बाहेर काढला असता.
पण तो माशीसाठी नाहीच भांडत, हे मला दुसऱ्यांदा पाहताना कळलं.

मानेवाडा
मला नाही आवडला. आजही नाही. नाईट करून आलेल्या माणसाला माशी दाखवता? पळवला, काही अडलं नाही.

महाल
वर लिहिणाऱ्या भावाचं शिडीच्या सीनशिवाय अडलं नाही? जेसी वर डुगडुगतोय, खाली वॉल्टर गुंगीत शिडी धरून. जेसीची मैत्रीण जेन, तिचा जीव घुसमटत होता तेव्हा हा बाजूला नुसता उभा होता, आणि जेसीला त्याचा पत्ता नाही. त्याच जेसीला तो म्हणतो, जेनबद्दल वाईट वाटतं. आता बोलेल, आता बोलेल असं होतं. बोलत नाही.
माझ्या मोठ्या भावाची सायकल चोरीला गेली असं तो १९ वर्षं समजतोय. ती मी विकली होती, सीताबर्डीत, फीच्या नावाखाली, आणि फी नव्हतीच. त्या रात्री तो माझ्या शेजारी, त्याच सोफ्यावर. सीन संपला. तो म्हणाला, "सांगून टाकायला पाहिजे होतं राव त्याने."
मी म्हटलं, "चहा टाकू?"