सुरी कागद कापते पण टोमॅटोवर मध्येच अडकते, धार लावताना काय चुकतंय?

ओट्यावरचा_नवखा:
मंडळी मदत करा. ८ इंची स्टेनलेस शेफ नाइफ आहे, सहा वर्षं वापरतोय, आजवर सायकलवर चाक लावून येणाऱ्या धारवाल्याकडेच द्यायचो. गेल्या महिन्यात ४००/१००० ग्रिटचा (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगड मागवला आणि व्हिडिओ बघून अख्खा रविवार घातला. आता होतंय असं की कागद सरसर कापतो पण पात्याच्या मधोमध एका जागी आला की टर्रकन फाटतो, टोमॅटोची सालही तिथंच अडकते. टोकाचा इंचभर भाग तर लागतच नाहीये. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे घासून झाल्यावर हातावरचे केस निघाले, म्हटलं जमलं एकदाचं, दुसऱ्या दिवशी दोन जुड्या कोथिंबीर चिरली आणि धार गायब!! बायको म्हणते विळी काय वाईट होती. दगडच फालतू आहे का? ३००० चा घेऊ का?

टूलरूमवाला:
काही घेऊ नका. १००० वर नीट लावलेली धार टोमॅटोला पुरून उरते. तुमचे तीन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही तिन्हीला एकच गोळी देताय, अजून घासा अजून घासा.

आधी बघायला शिका. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा, सुरी धार वर करून धरा आणि उजेडाखाली हळूहळू कलती करा. चांगल्या धारेला उजेड परतवायला जागाच नसते, त्यामुळे ती दिसत नाही. जिथं ठिपका किंवा बारीक रेघ चमकते तिथं धार बोथट आहे, वळलीय किंवा खाच पडलीय. मधल्या जागी एकच ठिपका चमकत असेल तर बहुतेक खाचच. खात्री करायला अंगठ्याच्या नखावरून धार अजिबात जोर न देता सरकवा, टक् करून लागेल.

टोकाचं कारण वेगळं असणार. पातं टोकाकडे वळतं, तिथं मूठ थोडी उचलावी लागते, सगळे नवीन लोक सरळ ओढत नेतात आणि टोक दगडाला लागतच नाही. परमनंट मार्कर घ्या, धारेच्या दोन्ही उतारांना रंगवा, दगडावर दोनच हात मारा आणि बघा. शाई अगदी धारेपाशी उरली तर कोन कमी पडतोय, तुम्ही उताराचा वरचा भागच घासताय. वरची शाई उरून फक्त धारेवरची गेली तर कोन जास्त झाला. पातं ४५ मिमी रुंद असेल तर १५ अंशाला पाठ दगडापासून साधारण १२ मिमी वर येते, २० अंशाला १५ मिमी. एवढाच फरक असतो तो.

तिसरं, दुसऱ्या दिवशी धार गेली ती धार नव्हतीच, बर होती. एका बाजूनं घासलं की पत्र्यासारखी पातळ कड दुसऱ्या बाजूला वळते, तिनं केससुद्धा निघतात पण बोर्डवर दोनचार ठोके बसले की ती मोडते. बोट पाठीकडून धारेकडे आडवं फिरवा (धारेच्या लांबीत नको हां, टाके पडतील), कुठल्या बाजूला खरखर लागते ते कळेल. शेवटी एकदा इकडून एकदा तिकडून, फक्त सुरीच्या वजनानं, धार पुढे ठेवून दहाबारा हात मारा, खरखर दोन्हीकडून जाईपर्यंत.

घाईत_कोथिंबीर:
एवढी पीएचडी कशाला, ओढायचं शार्पनर मिळतं २०० रुपयात, चार वेळा ओढलं की झालं काम

टूलरूमवाला:
@घाईत_कोथिंबीर काम होतं खरं, घाईच्या दिवशी मीपण नाक मुरडणार नाही. पण त्यातल्या कार्बाइडच्या पट्ट्या धातू खरवडून काढतात, कड दातेरी होते आणि पातं भराभर झिजतं. खाच तर त्यानं निघतच नाही, उलट पट्टी तिथंच अडखळते.

बांगडाप्रेमी:
खाच पडली कशानं ते पण शोधा की दादा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत इथंच याल. आमच्याकडे चांगली सुरी एकाच दिवसात दोनदा गेली, एकदा फ्रीझरमधली कोंबडी न वितळता कापायला घेतली आणि एकदा पाहुण्यांनी खेकड्याची नांगी फोडली तिनं. खेकड्याला वरवंटा आहे ना घरात! आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरायचं नाही, चिरलेलं गोळा करताना धारेनं खरडायचं नाही, सुरी उलटी करून पाठीनं ओढायचं. आमची आई तर चिनी मातीच्या बरणीच्या बुडावर, जिथं चकाकी नसते त्या खरखरीत कडेवर, सुरी पाजवायची आणि तेवढ्यावर अख्खा पापलेट साफ व्हायचा.

ओट्यावरचा_नवखा:
टॉर्च लावला आणि लाजच वाटली. मधे खाच आहे, अर्ध्या मिमीची असेल. मार्करची शाई सगळीकडे धारेपाशी तशीच, म्हणजे दोन तास मी नुसती सुरीची कातडी सोलत होतो 😅 अजून एक, टोकाजवळ निळसर डाग आहे, तो गंज आहे का?

टूलरूमवाला:
गंज नाही, चाकावर कोरडं घासताना तापलंय ते. निळा रंग यायला पोलाद ३०० अंशांच्या आसपास किंवा वर जावं लागतं, तेवढ्यात तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. तो तुकडा लवकर बोथट होत राहणार, वर्षानुवर्षं घासून तो भाग जाईल तेव्हाच सुटका. दगडावर पाणी असतं म्हणून हा त्रास नाही.

खाचेसाठी ४०० ची बाजू घ्या, सुरी उभी धरा, जणू दगडच चिरताय अशी, आणि हलक्या हातानं टाचेपासून (पात्याचा मुठीकडचा भाग) टोकापर्यंत वळणासकट ओढा. फक्त खाचेपाशी घासलंत तर तिथं खड्डा पडेल आणि मग सुरी बोर्डवर सपाट बसणार नाही, चिरलेली कांद्याची पात माळेसारखी जोडलेली निघते ती त्यामुळंच. खाच गेली की धारेवर सलग पांढरी रेघ दिसेल. घाबरू नका, सुरी लाटण्याइतकी बोथट वाटेल. मग दोन्ही बाजूंनी उतार करत ती रेघ बारीक होत नाहीशी होईपर्यंत ४०० वर, मग १००० वर.

ओट्यावरचा_नवखा:
सव्वा तास गेला. खाच नाही, कागद शेवटपर्यंत गेला, टोमॅटोची साल पण. टोक अजून अर्धवटच, मूठ उचलायला जातो आणि कोन सुटतो. पण दगड मधे बशीसारखा झालाय आता, हे चालतं का?

टूलरूमवाला:
नाही चालत, त्या खळग्यात पात्याचा कोन बदलतो, टोकाचं तर हमखास. हार्डवेअरवाल्याकडून १२० चा वॉटर पेपर आणा, सपाट काचेवर पाणी टाकून चिकटवा. दगडावर पेन्सिलीनं आडव्याउभ्या रेघा मारा आणि पेपरवर घासा, मधल्या रेघा शेवटी जातील. त्या गेल्या की थांबा.