मदत हवी आहे: सशाच्या मुताचा फरशीवर चुन्यासारखा थर, लसूणघास बंद करू का?

नमस्कार मंडळी, सेलूहून लिहितोय. घरी दोन ससे आहेत. एक करडा, लेकीचा लाडका. दुसरा न्यूझीलंड व्हाइट नर, दहा महिन्यांचा, वजन ३ किलो ६०० ग्रॅम. पुढच्या महिन्यात पांढऱ्याला प्रदर्शनात उतरवायचंय, म्हणून दोन महिने खाऊ घालायचा सपाटा लावलाय: सकाळी लसूणघासाची पेंढी, दुपारी भिजवलेले हरभरे, रात्री गाजर. विकणाऱ्यानं हेच सांगितलं होतं. त्यात हुरड्याचे दिवस. पोरं शेतातून आली की मूठभर त्याच्याही पुढ्यात.

आठवड्यापासून त्याचं मूत शहाबादी फरशीवर वाळलं की पांढरा थर बसायलाय, नखानं खरवडला तर भुकटी निघते. बुडाला मऊ, चिकट लेंड्याही लागलेल्या असतात. करड्याला यातलं काहीच नाही, अन् तो खातो काय, तर अंगणातली हरळी नि कोथिंबिरीच्या काड्या! घास तोडला तर पांढऱ्याचं वजन उतरेल का? नराला चार किलोच्या वर लागतं म्हणतात.

प्रतिसाद (परभणी, पशुवैद्यकची विद्यार्थिनी)
काका, हरभरे आणि हुरडा आजच बंद. घास मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करा आणि तेवढं गवत वाढवा. चारा एकदम बदलला तर सशाचं पोट बिघडतं.

लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा पाजणारी मादी असेल तर ठीक. ससा जास्तीचं कॅल्शियम मुतावाटे टाकतो, त्यामुळे मूत थोडं गढूळ असतंच. पण भुकटी निघायला लागली म्हणजे मूत्राशयात गाळ साचत असेल. एकदा दाखवून घ्या. कुंथत असेल तर आजच.

त्या मऊ लेंड्या म्हणजे हगवण नव्हे. द्राक्षाच्या घडासारख्या असतात. ससा बुडाला तोंड लावून त्या परत खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. (लेकीला किळस येईल, पण खाऊ द्या.) पिठूळ-गोड खाणं जास्त झालं की त्या तशाच चिकटून राहतात. एक लक्षात ठेवा: १२ तास खाणंही नाही, लेंडीही नाही, तर उद्यावर ढकलायचं नाही.

प्रतिसाद (जालना)
दादा, मी सहा-सात वर्षं ससे पाळतोय. दहा महिन्यांत ३ किलो ६०० म्हणजे त्याचं हाडच लहान. आता चार किलो करायला गेलात तर मांस नाही, चरबी चढेल. परीक्षक पाठीवरून हात फिरवतात, मांस घट्ट की लिबलिबीत ते लगेच कळतं. उलटा करून दात बघतात, बूडही बघतात. तुमचा घाण बुडानं जाईल!

दोघांनाही मुख्य खाणं एकच, वाळलेलं गवत, चोवीस तास समोर. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. पांढऱ्याला वरून ८०-९० ग्रॅम पेलेट (तयार गोळी खाद्य), तंतू १८ टक्क्यांच्या वर असलेलं. करड्याला दोन चमचे बास. गाजर बोटाच्या पेराएवढं, तेही कधीमधी. गाजराचा, मुळ्याचा पाला रोज चालतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात नवीन काहीच देऊ नका, पाणीसुद्धा घरचंच न्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ज्वारीची ताटं चालतील का? दारातच आहेत.

प्रतिसाद (जालना)
कोवळे फुटवे अजिबात नाही, जनावराला किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते ती त्यानंच. वाळल्या कडब्याची पानं चघळायला ठीक. बांधावरचं गवत कापताना तणनाशक मारलेलं नाही ना, विचारून घ्या. आणि गाजराचा पाला म्हणून पोरं गाजरगवत उपटून आणतात, तेवढं बघा.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी)
डॉक्टरांनी तपासलं, खडा नाही म्हणाले. थर आता पुसला की जातो, बूड कोरडं. वजन ३ किलो ५५०, म्हणजे पन्नास ग्रॅम गेलेच. प्रदर्शनाला नेणार, नंबर नाही आला तरी चालेल. अडचण वेगळीच: दोघं मिळून गवत फस्त करायलेत, अन् उन्हाळ्यात दुधनेच्या कालव्याकडेलाही हरळी मिळायची नाही. सेलू-परतूरकडं कुणी सावलीत वाळवलेली हरळी किंवा मारवेल विकतं का? बुरशी नसलेली पाहिजे. भाव सांगा.