मदत हवी आहे : शिरेतून दिलेल्या पोषणातील ॲल्युमिनियम आणि मुलांची वाढ

नमस्कार,

आमची मुलगी मुदतीच्या बरीच आधी जन्मली आणि तिच्या आतड्यांना दूध पचू लागेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तिचे पोषण शिरेतूनच चालू होते. आता ती चौथ्या वर्षात आहे. तिची प्रकृती चांगली आहे, मात्र बोलणे जरा उशिरा सुरू झाले. अशा मुलांच्या वाढीविषयी वाचताना या द्रावणांमध्ये ॲल्युमिनियमचा अंश असतो हे समजले, आणि त्याबद्दल नवजात शिशूंच्या किंवा मूत्रपिंडाच्या उपचारांशी संबंधित असलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

अन्नपाण्यातून ॲल्युमिनियम रोजच पोटात जाते, पण त्यातले साधारण हजारात एक ते तीन भागच रक्तात उतरतात आणि तेही निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या भांड्यांवरून होणारी चर्चा मला बरीचशी अनाठायी वाटते. (भंगार वितळवून केलेल्या भांड्यांतून शिसे उतरू शकते, तो प्रश्न निराळा आणि मुलांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.) शिरेतून दिलेल्या द्रावणाच्या वाटेत मात्र आतड्यांचा हा अडसर नसतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडेही पुरती तयार झालेली नसतात. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या काचेच्या कुपीतून, त्या काचेतलेच ॲल्युमिनियम औषधात उतरते, हे वाचून आश्चर्य वाटले. हाडांसाठी दिलेले कॅल्शियमच हाडांत साठणारा हा धातू सोबत घेऊन येते.

याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२७ मुदतपूर्व बाळांपैकी काहींना नेहमीचे द्रावण देण्यात आले, ज्यातून दर किलो वजनामागे रोज सुमारे ४५ मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम जात होते, तर इतरांना ४ ते ५ मायक्रोग्रॅमच जाईल असे द्रावण देण्यात आले. दीड वर्षाच्या वयात सर्व मुलांची सरसकट तुलना केली असता मानसिक विकासाच्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र मेंदू व स्नायूंच्या हालचालींचा दोष नसलेल्या मुलांत नेहमीच्या द्रावणाच्या दर दिवसामागे सुमारे एक गुण कमी होत असल्याचे आढळले. यातल्या काही मुलांची पुढे किशोरवयात तपासणी झाली, तेव्हा हाडांतील खनिजांचे प्रमाणही काहीसे कमी दिसले. हा निष्कर्ष एका उपगटापुरता आहे आणि उशिरा बोलण्यामागे मुदतपूर्व जन्म हेच कारण असू शकते, याची मला जाणीव आहे.

माझा पहिला प्रश्न असा, की इतक्या वर्षांनंतर रक्तातील ॲल्युमिनियम तपासून काही हाती लागते का? रक्तातील प्रमाण मुख्यतः अलीकडचा संपर्क दाखवते, जुना साठा बराचसा हाडांत असतो आणि नमुना घेतानाची सुई किंवा नळीसुद्धा आकडा बिघडवू शकते, असे मला समजले आहे. तपासणीचा उपयोग नसेल, तर लेकराला उगाच टोचायचे नाही. दुसरा प्रश्न हाडांविषयी आहे. लक्षणे नसताना या वयात हाडांची घनता मोजावी का, की कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि लोह यांच्याकडे लक्ष देणे पुरेसे आहे? रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिनच ॲल्युमिनियमही वाहून नेते, म्हणून लोहाचा उल्लेख केला.

शरीरातून धातू काढून टाकणाऱ्या औषधांची शिफारस कृपया करू नये. डेस्फेरिऑक्सामिन हे असे औषध डायलिसिसच्या ज्या रुग्णांत ॲल्युमिनियम साठून हाडे आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो, त्यांच्यासाठी वापरतात, आणि त्याने दृष्टी व श्रवणशक्तीला अपाय होऊ शकतो. लसींचा विषयही इथे नको. डेन्मार्कमधील बारा लाखांहून अधिक मुलांच्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसींतील ॲल्युमिनियमचा दीर्घकालीन आजारांशी संबंध आढळलेला नाही आणि मुलीच्या सर्व लसी वेळेवर दिलेल्या आहेत.

शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा आहे. तिच्या डिस्चार्ज कार्डावर शिरेतून पोषण दिल्याची एवढीच एक ओळ आहे. रुग्णालयाकडून जुनी नोंद मागवायची झाल्यास पोषणाचे दिवस, रोजचे वजन आणि कॅल्शियमची मात्रा यांखेरीज आणखी काय मागावे, आणि ती घेऊन बालविकासतज्ज्ञांकडे जावे की बालमूत्रपिंडतज्ज्ञांकडे, हे कृपया सांगावे.